सात बाटल्या

दिवाळीआधी माळा आवरताना बाबांची एक जुनी वही सापडली. लाल कापडी बांधणी, आत दुधापासून विम्यापर्यंत सगळे हिशेब. १९८६ सालच्या या वहीत मध्येच एका पानावर हिशेब थांबतो आणि माणसांची नावं सुरू होतात. नावापुढे रक्तगट, त्यापुढे ऑफिसचा नाहीतर शेजाऱ्यांचा फोन नंबर (घरी फोन होता कुणाकडे तेव्हा!), आणि शेवटच्या रकान्यात 'येतो म्हणाला', 'कावीळ झाली होती, नको', 'वजन कमी'. अशी अकरा नावं. सातांपुढे बरोबरची खूण. खाली बाबांच्या टपोऱ्या अक्षरात: एकूण ७ बाटल्या.

नातेवाईक मंडळींनी एव्हाना ओळखलं असेल, ही ताईच्या ऑपरेशनची यादी. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई तेव्हा चौदा वर्षांची होती आणि तिच्या पाठीच्या कण्याला बाक आला होता. डॉक्टरी भाषेत स्कोलिओसिस. घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. शाळेचा युनिफॉर्म शिवायला टाकला तेव्हा शिंपी म्हणाला, पोरीचा एक खांदा वर आहे, माप जुळत नाही. तिथून सुरुवात झाली आणि शेवट मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात झाला. पाठीत हॅरिंग्टन रॉड नावाची स्टीलची सळई बसवली, आणि पुढे कित्येक महिने छातीपासून कमरेपर्यंत प्लास्टर. मी आठ वर्षांची होते. त्या प्लास्टरवर टिचकी मारली की टकटक वाजायचं, एवढंच मला नीट आठवतं.

रक्ताची धावपळ मात्र मला माहीतच नव्हती. मोठ्या माणसांनी आमच्यापासून बरंच काही लपवलेलं असतं.

आता २०२२ मध्ये या. ताईच्या मुलीलाही तेच निघालं (हे घराण्यात असू शकतं, ही माहिती आम्हाला उशिरा मिळाली). पुण्यात ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर बाई भेटायला आल्या. ताईचा पहिला प्रश्न: रक्त किती लागेल? त्या म्हणाल्या, दोन पिशव्या तयार ठेवतो, बहुधा एकही लागणार नाही. ताई बघतच राहिली. मग त्यांनी कारणं सांगितली आणि त्यात एक नाव आलं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. भूल दिल्यावर, चिरा घेण्याआधीच शिरेतून देतात, आणि ऑपरेशन चालू असेपर्यंत थोडं थोडं देत राहतात.

मी न राहवून म्हटलं, "अहो, ती तर पाळीत फार जायला लागलं की घ्यायची गोळी!"

"तेच औषध," त्या हसून म्हणाल्या. "आमच्याकडे इंजेक्शनमधून."

तर मंडळी, त्या रात्री मी वाचायला बसले आणि पहिलीच गोष्ट जी सापडली तिने झोप उडवली. या औषधाचा शोध १९६२ सालचा. म्हणजे बाबा नावापुढे रक्तगट लिहीत होते तेव्हा ते चोवीस वर्षांचं झालं होतं. मग ताईला का नाही दिलं? आधी मला वाटलं, आपल्याकडे पोचलं नसेल. पण नंतर लक्षात आलं की १९८६ मध्ये जगात कुठेच ते पाठीच्या ऑपरेशनला सर्रास देत नव्हते. मग का? त्या 'का'चा माग काढता काढता मी जपानपर्यंत जाऊन आले.

पण आधी पाठीच्या ऑपरेशनला एवढं रक्त का जातं ते सांगायला हवं. हातापायावर शस्त्रक्रिया करताना वर पट्टा आवळून रक्त थांबवता येतं. पाठीला पट्टा कुठे बांधणार? त्यात मणके म्हणजे आतून स्पंजसारखं हाड. ते सोललं की हजार छिद्रांतून पाझरतं. रक्तवाहिनी चिमट्यात पकडून बांधता येते, हाड कसं बांधणार? त्यावर व्हिक्टर हॉर्स्ली या इंग्रज सर्जनने १८९२ मध्ये उपाय सांगितला तो म्हणजे चक्क मेण! हाडाच्या छिद्रांत मेण लिंपायचं. अजूनही वापरतात. शिवाय कण्याभोवती शिरांचं एक जाळं आहे, ज्यांना झडपा नसतात. पेशंट पालथा झोपवला आणि पोट दाबलं गेलं की पोटातलं रक्त त्या शिरांमध्ये चढतं आणि जखमेतून वाहायला लागतं. १९६७ मध्ये टोरांटोच्या रेल्टन आणि हॉल यांनी यासाठी एक चौकट बनवली. चार गाद्यांवर पेशंटला पालथं ठेवायचं, पोट मधोमध मोकळं लोंबतं सोडायचं. इतकी साधी गोष्ट, पण रक्तस्राव कमी झाला.

आता एक हिशेब करू. आपल्याकडे रक्ताची एक बाटली साधारण साडेतीनशे मिलीलिटरची. ताईला सातही बाटल्या लागल्या. म्हणजे जवळजवळ अडीच लिटर. तिचं वजन तेव्हा अडतीस किलो होतं, आणि किलोमागे सत्तर मिलीलिटर धरलं तर तिच्या अंगात एकूण रक्तच पावणेतीन लिटरच्या आत. हा गुणाकार मी पहिल्यांदा केला तेव्हा कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून उठले आणि पाणी प्यायले.

आणि ते रक्त तरी कसं? भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला तो १९८६ मध्येच, मद्रासला. रक्तपेढ्यांत त्याची तपासणी सक्तीची झाली १९८९ मध्ये. पैसे घेऊन रक्त देणारे 'व्यावसायिक' दाते सर्रास होते, त्यांच्यावर बंदी आली १ जानेवारी १९९८ पासून, तीही सुप्रीम कोर्टाने दणका दिल्यावर. बाबांना एचआयव्हीचं काही माहीत असणं शक्य नव्हतं. पण विकतचं रक्त नको, ओळखीच्याच माणसाचं हवं, हा हट्ट त्यांनी का धरला असेल ते आता कळतं. त्या यादीत ऑफिसातले तीन, आमच्या चाळीतले दोन, आईचा एक मामेभाऊ आणि काका. काकांची गोष्ट शेवटी सांगते.

आता जपान.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा तोक्योत उताको ओकामोतो नावाची एक तरुण डॉक्टर होती. जन्म १९१८ चा. नवरा शोसुके, तोही संशोधक. दोघं केइओ विद्यापीठात. देश बेचिराख, प्रयोगशाळेत सामान नाही, पैसे नाहीत. या दोघांनी रक्तावर काम करायचं ठरवलं. त्यामागचं कारण त्यांनी उतारवयात सांगितलं, ते वाचून मी तर प्रेमातच पडले: रक्त कमी पडलं तर स्वतःचं काढता येतं! बाळंतपणात अंगावरून जाऊन बायका मरतात, त्यावर औषध शोधायचं, हे त्यांचं उद्दिष्ट.

त्या काळी बाईने संशोधन करणं म्हणजे काय ते बघा. एका वैद्यकीय परिषदेतून त्यांना आणि त्यांच्या सहकारी बाईंना 'बायका-मुलांना प्रवेश नाही' म्हणून बाहेर जायला सांगितलं. परिषद कसली, तर बालरोगांची! संशोधन मांडायला उभ्या राहिल्या तेव्हा पुरुष श्रोत्यांनी टिंगल केली, आता ही नाच करून दाखवणार का? मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून तान्ही मुलगी पाठीशी बांधून त्या प्रयोगशाळेत काम करत. आपल्याकडच्या शेतावरच्या बाया झोळीत पोर ठेवून निंदणी करतात, तसंच.

रक्त थांबण्याचं तंत्र असं आहे. जखम झाली की शरीर फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणतं, त्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी होते. पण गुठळी कायमची राहून चालत नाही, म्हणून ती विरघळवणारी यंत्रणाही शरीरातच असते. तिचं नाव प्लाझ्मिन. ते आधी प्लाझ्मिनोजेन या रूपात रक्तात फिरत असतं आणि जाळ्यावर जाऊन बसतं. बसायला त्याच्या अंगावर खाचा असतात, आणि त्या खाचांत जाळ्यावरचं लायसिन हे अमिनो आम्ल चपखल बसतं. मोठ्या जखमेत, मोठ्या ऑपरेशनमध्ये ही विरघळवणारी मंडळी फार लवकर कामाला लागतात. इकडे गुठळी होतेय, तिकडे विरघळतेय, आणि रक्त वाहतंच आहे.

ओकामोतो दांपत्याने लायसिनसारख्या दिसणाऱ्या रसायनांचा शोध घेतला. १९५० च्या दशकात एप्सिलॉन अमिनोकॅप्रॉइक ॲसिड हाती लागलं. ते काम करत होतं, पण डोस फार लागायचा. मग १९६२ मध्ये त्याच्या सत्तावीस पट प्रभावी असलेलं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. हे काय करतं, तर एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं प्लाझ्मिनोजेनच्या खाचांमध्ये जाऊन बसतं. खरं लायसिन येतं तेव्हा जागा गेलेली! मग प्लाझ्मिनोजेनला जाळ्यावर बसता येत नाही आणि जाळं टिकतं. गंमत म्हणजे हे औषध नवी गुठळी करत नाही, झालेली मोडू देत नाही. मला हा फरक समजायला बराच वेळ लागला, पण सगळं त्यातच आहे.

आणि इथून पुढे, म्हटलं तर, काहीच घडलं नाही.

म्हणजे औषध बाजारात आलं. त्याच सुमारास स्वीडनमध्येही त्यावर काम झालं, तिथे ते जास्तीच्या पाळीसाठी वापरायला लागले. दातांच्या डॉक्टरांनी वापरलं. अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला परवानगी मिळाली ती डिसेंबर १९८६ मध्ये, ताईच्या ऑपरेशनच्याच वर्षी! पण कशासाठी, तर हिमोफिलियाच्या पेशंटचा दात काढताना. उताकोबाई १९६६ पासून कोबेमध्ये प्राध्यापक होत्या. तिथल्या बाळंतपणाच्या डॉक्टरांना त्या सांगत राहिल्या, हे बाळंतिणींना देऊन पाहा, नीट चाचणी करा. कुणी केली नाही. ज्या बायकांसाठी औषध शोधलं त्या बाजूलाच.

ऑपरेशन थिएटरात रक्तस्राव कमी करणारं औषध म्हणून ज्याचं नाव झालं ते दुसरंच. ॲप्रोटिनिन. गायीगुरांच्या फुप्फुसातून काढलेलं, महाग, बायर कंपनीचं. १९८७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात दुसऱ्यांदा हृदयाचं ऑपरेशन होणाऱ्या पेशंटना ते दिलं होतं फुप्फुसं वाचवायला, आणि लक्षात आलं की दीड लिटर रक्त जायचं तिथे तीनशे मिलीलिटरही जात नाहीये. झालं, जगभर सुरू. पाठीच्या ऑपरेशनलाही काही ठिकाणी तेच देऊ लागले. जवळजवळ वीस वर्षांनी प्रश्न उभे राहिले, मूत्रपिंडांवर परिणाम होतोय का? कॅनडात हृदयाच्या जोखमीच्या ऑपरेशनांवर मोठी चाचणी झाली, २,३३१ पेशंट. एका बाजूला ॲप्रोटिनिन, दुसऱ्या बाजूला ओकामोतोंची दोन्ही औषधं. २००७ मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. महिन्याभरात दगावलेल्यांचं प्रमाण ॲप्रोटिनिनमध्ये ६ टक्के, बाकी दोघांत ४ च्या आसपास. त्याच नोव्हेंबरात कंपनीने विक्री थांबवली. (पुढे २०१२ मध्ये युरोपात मर्यादित वापरासाठी ते परत आलं, तो वाद अजून मिटलेला नाही.) आणि रिकाम्या जागेवर कोण? तर कोपऱ्यात पडलेलं, स्वस्त, पेटंट केव्हाच संपलेलं जपानी औषध.

माझ्या मते उशीर होण्याचं खरं कारण या 'पेटंट संपलेलं' मध्ये आहे. खर्चिक चाचणी करायला पैसे घालणार कोण? विकून मिळणार काय?

पाठीच्या बाबतीत मात्र काही मंडळींनी आधीच सुरुवात केली होती. २००५ मध्ये बॉस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात स्कोलिओसिसच्या ४४ पेशंटवर चाचणी झाली. निम्म्यांना ट्रॅनेक्झॅमिक, निम्म्यांना नुसतंच सलाईन. सरासरी रक्तस्राव दोन लिटरवरून सव्वा लिटरच्या आत आला. ४१ टक्के कमी! मी खूश होऊन ताईला फोन करणार होते, पण पुढची ओळ वाचली आणि थांबले. चढवलेल्या रक्तात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे वाहिलं कमी, पण दिलं जवळपास तेवढंच. छोटी चाचणी, शिवाय रक्त केव्हा द्यायचं याच्या डॉक्टरांच्या सवयी एका दिवसात बदलत नाहीत. नंतरच्या चाचण्यांची बेरीज केल्यावर रक्त चढवण्याचं प्रमाणही कमी होतं हे दिसलं. पण हे सांगितलंच पाहिजे, कारण एका औषधाने सात बाटल्यांच्या शून्य झाल्या असं म्हणणं खोटं होईल. ती चौकट आहे, रक्तदाब जपून ठेवणं आहे, वाहिलेलं रक्त गोळा करून, धुऊन परत देणारं मशीन आहे, आणि रक्त लगेच न चढवण्याचं शहाणपणही आहे. औषध त्यातलं एक. पण सगळ्यात स्वस्त.

मग मोठ्या चाचण्या आल्या. २०१० मध्ये अपघातातल्या जखमींवर, ४० देश, २०,२११ पेशंट, भारतातलेही त्यात होते. मृत्यू १६ टक्क्यांवरून साडेचौदावर आले. पण पहिल्या तीन तासांत दिलं तरच, त्यानंतर दिलं तर उलट अपाय. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. आणि शेवटी, एप्रिल २०१७ मध्ये, २१ देशांतल्या २०,०६० बाळंतिणींवरच्या चाचणीचा निकाल. तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांश कमी. या चाचणीबद्दल उताकोबाईंना सांगितलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, चाचणी न करताही मला माहीत आहे ते लागू पडणार. निकालाच्या एक वर्ष आधी, एप्रिल २०१६ मध्ये त्या गेल्या. वय ९८.

पंचावन्न वर्षं. आमच्या आजीची धाकटी बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली, ७१ साली. घरात एवढंच म्हणायचे, 'अंगावरून फार गेलं'. तिचं लग्नातलं चित्र अजून देवघराशेजारी आहे.

तसं हे औषध काही देवाचं तीर्थ नाही. ज्याला आधीच गुठळ्यांचा त्रास आहे त्याच्या बाबतीत विचार करावा लागतो, फार मोठ्या डोसात फिटसचा धोका असतो. आणि एक भयंकर गोष्ट, जी पाठीशीच संबंधित आहे. कमरेत भूल देण्याच्या औषधाची आणि याची ॲम्प्यूल काही ठिकाणी एकसारखी दिसते. चुकून हे कण्याच्या पाण्यात टोचलं गेलं तर मेंदू आणि मज्जारज्जूला शांत ठेवणारे संदेश बंद पडतात आणि अनावर झटके येतात. नोंदल्या गेलेल्या अशा प्रसंगांत साधारण निम्मे पेशंट दगावले, कित्येक तर सिझेरियनसाठी आलेल्या बायका. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने इशारा दिला, ही औषधं वेगवेगळी ठेवा. भाचीच्या भूल देणाऱ्या बाईंना मी हे विचारलं तर म्हणाल्या, आमच्याकडे कपाटच वेगळं आहे. बरं वाटलं. (ताई मला म्हणाली, तू इंटरनेट बंद कर.)

भाचीचं ऑपरेशन पाच तास चाललं. दोन्ही पिशव्या रक्तपेढीत परत गेल्या. प्लास्टर नाही काही नाही, दुसऱ्या दिवशी तिला उभं केलं. फिकट दिसत होती आणि उंची वाढली म्हणून खूश होती.

भाऊबीजेला ही वही ताईला दाखवली आणि उताकोबाईंची गोष्ट सांगितली. म्हटलं, बघ ना, तुझ्या वेळी हे दिलं असतं तर बाबांना एवढी दारं झिजवावी लागली नसती. ती बराच वेळ यादीवरून बोट फिरवत होती. सातव्या नावावर थांबली. काका. आजोबांच्या घरावरून बाबा आणि काका सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्या नावापुढे रक्तगट आहे, बरोबरची खूण आहे, पण शेवटच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही.

"सहा मिळाल्या होत्या," ताई म्हणाली. "सातवी मिळेना म्हणून बाबा रात्री दहाला त्याच्याकडे गेले. दोन पिशव्यांवर भागलं असतं तर गेले असते का?"

काका हे सगळं वाचतो, तेव्हा यापुढचं त्यालाच विचारा.